अकराव्या पट्टीचा आलेख

माझा प्रश्न जेवणाच्या टेबलावर तसाच पडून होता. सन्मती कैरीच्या फोडी करीत होता. सुरी कोयीशी अडे, वळसा घेई आणि पुन्हा चालू लागे. घरात तेवढाच आवाज. मी इतकेच विचारले होते, की गुरुवारी दुपारी तीन वाजता तू कुठे होतास. लग्नाला सतरा वर्षे झालेल्या बाईने रविवारी नवऱ्याला सहज विचारावे असे ते वाक्य. पण विचारताना माझा आवाज माझ्याच कानांना परका वाटला, आणि बहुधा त्यालाही.

"कवठेमहांकाळला," अखेर तो म्हणाला. "मोजणीवर. आठवड्याचे चार दिवस मी तिथंच असतो, शर्वरी."

"त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, तीन वाजता?"

"जमिनीची भांडणं ऊन उतरायची वाट बघत नाहीत." फोडींना मीठ लावताना तो हसला. "दोघे सख्खे भाऊ बांधावर छत्र्या घेऊन उभे. एकाची सावली दुसऱ्याच्या हद्दीत पडली म्हणून त्यावरनंही वाद. मी म्हटलं, सावलीची मोजणी आमचं खातं करत नाही."

एरवी मी हसले असते.

"आणि मोजणी झाल्यावर?"

"बसलो कुठंतरी गारव्याला." सुरी थांबली. "तुला गुरुवारच का आठवला?"

खरे उत्तर देणे म्हणजे सोळा आलेखांमधून त्याचा आलेख मी ओळखला आहे, हे कबूल करणे. आणि तो ओळखण्याचा मला अधिकार नव्हता.

*

उष्णतेपासून वीज करण्याच्या युक्त्या जुन्या आहेत. माझी युक्ती धातुसंकुलांची. मधोमध कोबाल्टचा एक अणू आणि त्याला सहा बाजूंनी धरून ठेवणारे सेंद्रिय रेणू, अशा रचनेला आम्ही संकुल म्हणतो. ही संकुले एका दाट, जेलीसारख्या थरात विरघळवायची आणि त्या थराची एक बाजू उबदार, दुसरी थंड ठेवायची. उबदार बाजूला कोबाल्ट एक इलेक्ट्रॉन स्वीकारतो. तो स्वीकारताच अणू फुगतो, भोवतालच्या रेणूंची मिठी सैल होते, सारी रचना विस्कटते. थंड बाजूला गेल्यावर तोच इलेक्ट्रॉन तो सोडून देतो आणि मिठी पुन्हा घट्ट होते. उष्णतेचा ओढा विस्कटण्याकडे असतो, थंडीचा सावरण्याकडे; या दोन ओढींच्या मध्ये तारा जोडल्या की वीज वाहते. मिठी जितकी अधिक सैल होऊन पुन्हा आवळली जाईल, तितका विजेचा दाब अधिक. ती किती सैल व्हावी, हे ठरवणारे रेणू घडवण्यात माझी बारा वर्षे गेली.

अखेर एका अंशाच्या फरकाला चार मिलिव्होल्ट मिळू लागले. अशा साठ चिमुकल्या पेशी एकीला एक जोडून आम्ही तळहाताएवढी पट्टी केली. ती छातीवर चिकटवायची. आतली बाजू त्वचेला, बाहेरची हवेला. हृदयाला ठोका देणाऱ्या पेसमेकरला पुरेल एवढी वीज ती कातडीतून आत पोचवते. बॅटरी संपली म्हणून दर आठ-दहा वर्षांनी छाती उघडण्याची गरज उरत नाही. एखाद्या दुपारी फरक मिळाला नाही, तर यंत्रात तीन दिवसांचा साठा असतो, आणि रात्रीच्या गारव्यात तो पुन्हा भरतो.

दोन हजार एकेचाळीसच्या जानेवारीत मिरजेला सोळा रुग्णांवर चाचणी सुरू झाली. चाचणीची सूत्रे डॉ. मेहरुन्निसा पटवेगार हिच्याकडे होती. ती हृदयरोगतज्ज्ञ, आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. सन्मतीच्या हृदयाचा ठोका अधूनमधून हरवतो, म्हणून त्याला पेसमेकर बसवलेला; तो जुना झाला होता आणि बदलायचा होताच. त्याने स्वतःहून नाव दिले. मी विरोध केला, तेव्हा मेहरुन म्हणाली, "मला उन्हातान्हात हिंडणारा माणूस हवाय, आणि तो सरकारी भूमापक आहे. तुला आकडे मिळतील, नावं मिळणार नाहीत. म्हणजे नवऱ्याचं हृदय तुझ्या हातात, पण कुठलं ते तुला कळणार नाही. सगळ्याच बायकांचं असं असतं."

फेब्रुवारीत त्याला ताप आला. त्याच दोन दिवसांत अकराव्या क्रमांकाचा आलेख वर उचलला गेला आणि औषध लागू पडताच खाली आला. न बघण्याचे मी ठरवले होते. पण एखाद्याचे हस्ताक्षर ओळखीचे झाल्यावर पाकिटावरचे नाव झाकून काय उपयोग?

*

आमच्या प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी शिखरवाचन होते. ही रीत मीच पाडलेली. सुरुवातीच्या वर्षांत पट्ट्या नीट चिकटत नसत. खालचे आकडे म्हणजे निव्वळ कचरा असे. तेव्हा मी ठरावीक पातळीखालच्या नोंदी आलेखातून कापून टाकायला सांगितले, आणि दर आठवड्याला प्रत्येक पट्टीने गाठलेला सर्वांत वरचा आकडा मोठ्याने वाचायचा, असा शिरस्ता घातला. हताश झालेल्या माणसांना धीर यावा म्हणून केलेली ती सोय होती. पुढे पट्ट्या सुधारल्या. शिरस्ता तसाच राहिला.

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी आमचे जुने तंत्रज्ञ बिराजदार चष्मा पुसून वाचू लागले. "अकरा नंबर. गुरुवार, दोन पन्नास ते तीन चाळीस. शिखर सहा पूर्णांक आठ व्होल्ट."

खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्या पट्ट्या दीड-दोनवर घुटमळत होत्या.

"कुठंतरी एसीपुढं बसला असणार," बिराजदार म्हणाले. "ते पण शर्ट काढून. कापडातनं एवढं येत नाही, मॅडम."

तेही बरोबरच होते. सुती शर्टाने निम्मा आकडा जातो, हे मीच मोजून छापले होते. म्हणजे गुरुवारी दुपारी, मुक्कामाच्या सरकारी विश्रामगृहात साधा पंखाही धड चालत नसलेल्या गावी, माझा नवरा एका बंद, थंड खोलीत पन्नास मिनिटे उघड्या छातीने बसला होता. किंवा बसला नव्हता.

पुढच्या सोमवारी पुन्हा गुरुवार. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. बिराजदार आकडा वाचत, लोक टाळ्या वाजवत, आणि मी त्या टाळ्यांच्या मधोमध उभी राहून एका खोलीची रचना करी. एसी कोणत्या भिंतीवर असेल. चादर कोणत्या रंगाची. शर्ट तो स्वतः काढतो, की कुणी काढते. बारा वर्षे मी अणूंभोवती रेणू बसवले होते. आता तितक्याच चिकाटीने एका बाईभोवती खोली बसवत होते. तिला चेहरा नव्हता, म्हणून तिला मी रोज नवा चेहरा दिला, आणि प्रत्येक चेहऱ्यावर मला ठाऊक नसलेले काहीतरी जाणून असल्याचे तेच मंद समाधान.

आणि सगळ्यांत जाचत होते ते हे, की त्या दुपारची वीज माझी होती. माझे संकुल, माझी बारा वर्षे, आणि त्यांतून निघालेला आजवरचा सर्वांत उंच आकडा कुणा दुसरीच्या खोलीत.

त्या रविवारच्या कैरीनंतर मी त्याची मोजणीची पिशवी उघडली. टेप, नकाशे, पाण्याची बाटली, आणि तळाशी एक बटणांचा लोकरी स्वेटर. मेच्या पहिल्या आठवड्यात. हाताने विणलेला, मरून रंगाचा. त्याला कसलासा गोड, आंबुस वास. बाजारी कापडाला असा वास येत नाही. कुणीतरी तो घरात वापरलेला होता, आणि कुण्या बाईने तो विणलेला होता.

मी तो होता तसा घडी करून ठेवला. इतकी नीट घडी मी त्याच्या शर्टांची कधी केली नव्हती.

*

पुढच्या गुरुवारी सुटी टाकून मी गाडी काढली. मोजणीच्या शेताच्या अलीकडे एका बंद पडलेल्या रसवंतीच्या आडोशाला थांबले. अडीचच्या सुमाराला त्याची सरकारी जीप हलली. मी मागे निघाले. जीप मुख्य रस्ता सोडून एका लोखंडी फाटकात शिरली. वर पाटी होती: चौगुले शीतगृह, बेदाणा साठवण.

ती पाटी मी वाचली, आणि तरीही माझी नजर इमारतीच्या वरच्या मजल्यावरील ऑफिसच्या काचेकडे गेली, तिथल्या एसीकडे. मत्सराला वाचता येते. पण तो हवे तेवढेच वाचतो.

आवारात पंचेचाळिशीची एक बाई हमालांना सूचना देत होती. डोक्यावर पदर, पायांत बूट, हातात मोबाइल. माझ्याकडे वळून तिने विचारले, "कोण पायजे?"

"आत्ता आत आलेले मोजणीसाहेब."

"तुम्ही कोण?"

"त्यांची बायको."

तिने मला पायांपासून वर निरखले, घाईने नव्हे. माझ्या कल्पनेतल्या एकाही चेहऱ्याशी तिचा चेहरा जुळत नव्हता, आणि त्यामुळे मला अधिकच राग आला.

"म्हणजे पट्टीवाल्या बाई तुम्हीच," ती म्हणाली. "मी पद्मजा. या की. किती दिवस म्हणतेय साहेबास्नी, एकदा मॅडमना घेऊन या. पण ते कुठले आणतात."

"किती दिवस येतात ते तुमच्याकडे?"

"पाडवा झाला त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासनं. पयल्यांदा आले ते हितंच, वजनकाट्यापाशी, चक्कर येऊन बसले. छातीत भुणभुण होतीया म्हणाले, यंत्राची. मला म्हणाले, ताई, अर्धा तास तुमच्या गार खोलीत बसू दे, बाकी काही नको. मी म्हटलं बसा. बेदाण्याला चालतंय ते माणसाला का नाही चालायचं?" शीतगृहाच्या दाराआडून तिने एक जाड कोट काढून माझ्या हातात दिला. "घाला हे. आत पाच डिग्री असतंय. त्यांना आमच्या आईनं विणलेला स्वेटर देऊन टाकलाय, पण त्याची बटणं लावत नाहीत. छाती उघडीच ठेवायची असते म्हणं."

मी कोट घातला. बाह्या लांब होत्या.

प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा सारून आत गेले, तेव्हा तोच गोड, आंबुस वास अंगावर आला. छतापर्यंत रचलेल्या बेदाण्यांच्या खोक्यांमधल्या बोळात, एका उपड्या क्रेटवर, सन्मती बसला होता. शर्ट आणि स्वेटर दोन्ही पुढून उघडे, हात मांडीवर, डोळे मिटलेले. श्वासाची वाफ दिसत होती. बसची वेळ निघून गेलेल्या स्टँडवर एखादा माणूस बसावा तसा तो बसला होता.

माझ्या चपलांच्या आवाजाने त्याने डोळे उघडले. दचकला नाही.

"आलेखावरून आलीस," तो म्हणाला.

"भुणभुण किती वेळा झाली?"

"आजची धरून पाच."

छातीतल्या साठ्याने तळ गाठला की यंत्र भुणभुणते. तशी प्रत्येक वेळ रुग्णाने वहीत लिहून मेहरुनला कळवायची, आणि एकाच रुग्णाची तीन वेळा नोंद झाली की चाचणी थांबवायची, हा नियम मी लिहिला होता. तीन दिवसांच्या साठ्याचा हिशेबही मीच केला होता, जुन्या हवामानाच्या आकड्यांवर. त्या आकड्यांमध्ये रात्री थंड होत होत्या. या वर्षी विश्रामगृहाच्या स्लॅबखाली रात्रीही चौतीस अंश होते, म्हणजे त्वचेइतकेच. आणि फरक शून्य असेल तेव्हा माझ्या संकुलात कोणतीच मिठी सैल होत नाही. सोमवार ते गुरुवार त्याच्या छातीतला साठा फक्त उतरत होता. आलेखाचा तो भाग प्रयोगशाळेत कुणी पाहिला नव्हता, कारण तो मीच कापायला सांगितला होता.

"पट्टीवर बर्फ ठेवू नये असं तूच पत्रकात लिहिलंयस," तो म्हणाला. "म्हणून हे शोधलं. कोरडी थंडी."

मी वाकले आणि सवयीने पट्टीची कड नीट बसली आहे का, हे पाहण्यासाठी तळहात तिच्यावर ठेवला. त्याने माझे मनगट धरून अलगद बाजूला केले.

"हात नको ठेवूस. उतरतं त्यानं."

बरोबर होते ते. बाहेरच्या बाजूला माणसाचा हात लागला, की ती बाजूही त्वचेइतकीच उबदार होते आणि आकडा कोसळतो. कोणत्याही बाईचा स्पर्श माझ्या आलेखावर शिखर होऊन आला नसता. तो खड्डा होऊन आला असता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवे होते. हे माहीत असलेली पृथ्वीवरची पहिली बाई मीच होते.

*

वर ऑफिसात पद्मजाने चहा पुढे केला. मी तो तसाच ठेवून मेहरुनला फोन लावला.

"अकरा नंबर," मी म्हणाले. "पाच वेळा भुणभुण. वहीत एकही नोंद नाही."

"अकरा नंबर कोण, हे तुला कळलं तर."

"फेब्रुवारीपासून माहीत आहे."

"त्यावर नंतर बोलू. शर्वरी, पाच म्हणजे चाचणी आजच थांबली. उरलेल्या पंधराजणांनाही मी संध्याकाळपर्यंत बोलावून घेते. तुला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"नियम माझाच आहे."

"त्याला घेऊन ये. आज जुन्या पद्धतीच्या बॅटरीवर घालू. गाडीतला एसी पूर्ण ठेव, शर्ट उघडा. आणि वाटेत त्याच्याशी भांडू नकोस, त्याच्या ठोक्यांना परवडणार नाही."

फोन ठेवला, तेव्हा पद्मजा काचेतून खाली हमालांकडे पाहत होती. "बरं केलंत," ती म्हणाली. "मागच्या खेपेला ओठ निळे पडल्यागत वाटले मला. मी म्हटलं, घरी सांगा. तर म्हणाले, घरी सांगितलं तर तिचं काम थांबेल. मी भीत भीत बसत होते बघा, दाराशी. दर पाच मिनिटांनी हाक मारायची, साहेब, हाय का? ते म्हणायचे, हाय."

तिने हे कोणत्याही अभिमानाशिवाय सांगितले. तरीही माझ्या आत तीच जुनी आच पुन्हा पेटली, आणि आता तिला विझवायला काहीच उरले नव्हते. खोली नव्हती, चादर नव्हती. पण माझ्या नवऱ्याची भीती या बाईने ऐकली होती. पाच गुरुवार ती त्याच्या श्वासाच्या दाराशी बसली होती, आणि त्याच गुरुवारांच्या नावाने मी टाळ्या ऐकत होते. शर्ट काढलेला परवडला असता. हे तिने माझ्याकडून घेतले, की मी कधी मागितलेच नव्हते, ते मला ठरवता येईना.

"थँक्यू," मी म्हणाले. तो शब्द अगदीच अपुरा होता, आणि तिने तो अपुरा म्हणूनच मान हलवून घेतला.

मी पुन्हा खाली आले. सन्मती उठून उभा होता. बटणे तशीच उघडी.

"मेहरुनला सांगितलंस."

"हो."

"आणखी चार आठवडे काढले असते. जूनमध्ये हवा गार होते. मग पुढं वर्षभराचा आकडा निर्धास्त पूर्ण झाला असता, आणि तुझी पट्टी पास झाली असती."

"आणि चार आठवड्यांत तुला काही झालं असतं तर?"

"ते मला मोजता येत होतं थोडंफार. मोजणीदार आहे मी." त्याने हसण्याचा प्रयत्न केला, वाफेचा लहानसा ढग आला आणि विरला. मग त्याचा चेहरा बदलला. "तू त्या दिवशी गुरुवारचं विचारलंस, ते भुणभुणीसाठी नव्हतं."

"नाही."

"बाईसाठी होतं."

"हो."

"पद्मजाताईंसाठी?"

"नाव माहीत नव्हतं."

त्याने खोक्यांकडे तोंड वळवले. कुठेतरी वर थंड हवा सोडणारे पंखे एका लयीत घरघरत होते. बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता; राग असता तर मला उत्तर देता आले असते.

"सहा पूर्णांक आठ म्हणजे किती अंशांचा फरक, हे तू झोपेतसुद्धा सांगशील. पाच-सहा अंशांची झोपायची खोली कुणाच्या घरी असते, शर्वरी? तुझ्यापुढं कागदावर होतं सगळं. पट्टी उन्हात बंद पडते, हेही होतं, फक्त वळून बघायचं होतं. पण तुला बाई दिसली." त्याने श्वास घेतला. "एकच विचारतो, आणि खरं सांग. माझी भानगड निघाली असती, तर तुला बरं वाटलं असतं का? निदान पट्टी तरी चालली असती."

माझ्या हातात गाडीची किल्ली होती. मेहरुनच्या सांगण्याप्रमाणे गाडी आधी गार करायची होती. मी त्याच्याकडे पाहिले, त्याच्या उघड्या छातीवरच्या त्या तळहाताएवढ्या चौकोनाकडे पाहिले, आणि मग वळून, प्लास्टिकचा पडदा दोन्ही हातांनी बाजूला सारून, बाहेरच्या उन्हात गाडीकडे चालू लागले.